उघडां असूंदे

ऑफिसात शिरलं की आम्ही बाकीचे आधी कोपऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीला हात जोडायचो. उल्हासबाब परब आधी संगणक चालू करायचे आणि ब्राउझरच्या माथ्यावर दाटीवाटीने बसलेल्या टॅबवर डावीकडून उजवीकडे एकेक टिचकी मारत जायचे. टिचकी मारली की पान क्षणभर कोरं व्हायचं, मग भरायचं, की ते पुढच्याकडे वळायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस काहीतरी शोधतोय. विचारलं, तर म्हणाले, "शोधूक काय नाय गो. पानां जागी करतंय." न वापरलेली पानं मेमरी वाचवण्यासाठी ब्राउझर आपणहून झोपवतो, आणि झोपलेल्या पानावरचा भाव कालचा असतो. हे त्यांना अजिबात खपत नसे. त्यांची ही काकडआरती उरकेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा.

आमचा काजूचा कारखाना गोव्यात, लाटंबार्शाला. मी डिचोलीहून बसने यायची आणि हिशेब बघायची, ते पेडण्याहून स्कूटरवर यायचे आणि खरेदी बघायचे. इथल्या बिया चार महिन्यांत संपतात, मग आफ्रिकेतून बोटीने कच्चा माल मागवावा लागतो. कुठल्या देशात पीक कसं आहे, कोण विकतोय, बोटीचं भाडं किती, डॉलर कुठे चाललाय, हे सगळं उल्हासबाबांच्या त्या टॅबमध्ये असायचं. टॅब इतके व्हायचे की त्यांच्यावरची नावं पुसली जायची, नुसती चिन्हं उरायची, आणि शेवटी चिन्हांनाही जागा पुरायची नाही. तरी कुठलं पान कुठे आहे हे त्यांना अचूक ठाऊक असे. संगणकाचा पंखा घोंघावायचा, मधूनच पडदा पांढराफटक व्हायचा. "एक तरी बंद करा हो," मी ओरडायची. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "उघडां असूंदे. बंद करूक एक बोट पुरो."

त्यांचं चुकायचं नाही, हीच पंचाईत होती. एका वर्षी भाव चढतच गेला. सगळ्या कारखान्यांनी घाबरून माल उचलला. आमचे शेट उल्हासबाबांच्या खुर्चीमागे येऊन उभे. "घे रे बाबा आता. भट्टी बंद पडटली माझी!" उल्हासबाब मान न वळवता म्हणाले, "वायच रवा, शेट. अजून दोन पानां बघूची असत." ती दोन पानं त्यांनी कितीतरी दिवस बघितली. मग भाव असा कोसळला, की शेटनी सबंध ऑफिसला पातळभाजी, पाव आणि मिरचीची भजी दिली. उल्हासबाबांनी मात्र आपला डबाच खाल्ला. भजी कुठल्या तेलातली, हे त्यांना आधी कळायला हवं होतं.

त्यांच्या बायकोला, शैलावैनीला, मी चतुर्थीला त्यांच्या घरी जायची तेव्हा भेटायची. ठसठशीत, मोठ्याने हसणारी बाई. नवऱ्याची थट्टा करण्यात आमची युती होती. "फ्रीज घेऊक दोन उन्हाळे काढल्यांनी," ती सांगायची. "घेतल्यांनी तेव्हा आम्ही थंडीन कुडकुडतंव!" उल्हासबाब शेजारी बसून खुशीत ऐकायचे. फ्रीज अजून चालतो, एवढंच ते म्हणायचे.

शैलावैनीचं दुखणं मला त्यांच्या तोंडून कळलं नाही. झाडांवर बोंडं पिकली होती, ऑफिसात कामाची झुंबड होती, आणि त्यांच्या पडद्यावर काजूच्या भावांमध्ये एका इस्पितळाचं पान दिसलं. दुसऱ्या दिवशी तीन दिसली. आठवड्याभरात त्यांनी दोन खिडक्या केल्या, उजवीकडे काजू आणि डावीकडे वैनी. सरळ विचारलं तेव्हा म्हणाले, आतड्यात गाठ आहे. इथल्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करा म्हणून सांगितलंय.

"मग कधी?"

"बघतंय. मुंबईक एक असा, बेळगावाक एक असा. बंगळूरचो एक डॉक्टर दुर्बिणीन करता म्हणतत. सगळां बघून घेऊक होया."

त्यांनी खरोखरच सगळं बघितलं. रोगी काय लिहितात, त्यांचे नातेवाईक काय लिहितात, कुठल्या डॉक्टरने किती वर्षं हेच काम केलंय, ऑपरेशन आधी की औषध आधी. एक पान म्हणायचं कापा, दुसरं म्हणायचं थांबा, म्हणून तिसरं उघडायचं. तिसऱ्यात चौथ्याचं नाव असायचं. महिना गेला. पाऊस सुरू झाला. डावीकडची खिडकी उजवीकडच्यापेक्षा जड झाली आणि एका दुपारी संगणकाने मान टाकली. सगळं एकदम नाहीसं झालं. उल्हासबाबांचा चेहरा असा झाला, की मी पाण्याचा पेला घेऊन धावले. डिचोलीच्या बाजारातून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो बेळगावकडचा, सडेतोड. त्याने दहा मिनिटांत सगळी पानं परत आणून दिली. "मेमरी वाढवा म्हणतासा, वाढिवतो," तो म्हणाला. "पण काय उपेग नाही बघा सर. तुम्ही परत तेवढंच उघडणार."

तो गेल्यावर माझं डोकं फिरलं. वैनीला कुठे न्यायचं तेच अजून ठरत नव्हतं. "उल्हासबाब," मी म्हटलं, "ह्यो बियो न्हय. बायल ती तुमची. कोणाकडेय व्हरा, पूण व्हरा!"

ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "म्हणान तर बघतंय गो. बियो वायट इल्यो तर परत धाडूक येतत. हंय परत धाडूक काय असा?"

मी दुरुस्तीवाल्याचं बिल फायलीला लावलं.

शेवटी वैनीच म्हणाली, देवाकडे जाऊया. गावच्या देवळात कौल लावला. मूर्तीला पाण्याने कळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात, आणि उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचा होकार. उल्हासबाबांनी एकेका शहराचं नाव घेऊन विचारलं. मुंबईला डावी पडली, बंगळूरला कितीतरी वेळ काहीच पडेना, आणि बेळगाव म्हणताच उजवी कळी टपकन खाली आली. वैनीने तिथेच पदर पसरून प्रसाद घेतला आणि घरी जाऊन बॅग भरली. मी मनात म्हटलं, सुटलो. सोमवारी उल्हासबाब ऑफिसात हजर! बेळगावच्या त्या डॉक्टरबद्दल कुणीतरी वाईट लिहिलेलं त्यांना रात्री सापडलं होतं. देवाने दिलेला कौलही त्यांनी उघडा ठेवला, बाकीच्या पानांत आणखी एक म्हणून. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

चतुर्थीला मी गेले, तर गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायला शेजारणी आल्या होत्या. वैनी आतल्या खोलीत कुशीवर पडलेली. पोट फुगलेलं, चेहरा काजूच्या टरफलासारखा काळवंडलेला. गणपती पोचवले आणि त्याच आठवड्यात तिचं आतडं बंद झालं. मग निवड करायला काही उरलंच नाही. रुग्णवाहिका जवळच्या इस्पितळात गेली, समोर जो डॉक्टर होता त्याने पोट उघडलं आणि तसंच शिवलं. सगळीकडे पसरलं होतं. आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, असं तो म्हणाला. हे त्याने उल्हासबाबांच्या तोंडावर म्हटलं.

वैनी त्यानंतर थोडेच दिवस होती. एका दुपारी उल्हासबाब औषधं आणायला खाली गेले होते आणि मी तिच्या उशाशी बसले होते. ती शुद्धीत होती. माझा हात धरून म्हणाली, "तेंच्याइतक्यां कोण बघूचो नाय गो. माझ्यापायी अख्खी दुनिया बघल्यांनी." मी मान हलवली. ती श्वास घ्यायला थांबली. मग म्हणाली, "पण माका नुसतां 'चल, गाडीत बस' म्हटल्यांनी असतां, तर खंय पण गेलंय असतंय." तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर मला इतकं लागलं नसतं.

ती गेली. तेराव्यानंतर उल्हासबाब कामावर आले. डावीकडची खिडकी तशीच होती, आणि ते ती वाचत होते. आता कशासाठी, हे विचारायचा मला धीर होईना. त्यांनीच सांगितलं. त्यातलं कुठलं बरोबर ठरलं असतं, ते त्यांना बघायचं होतं. मुंबईला नेली असती तर? आधी औषध दिलं असतं तर? बायको गेलेला माणूस रोज सकाळी बसून तिला वाचवायची जागा शोधत होता, आणि एकही जागा नापसंत करत नव्हता. काजूची खरेदी बोंबलली. शेट सज्जन, वर्षभर काही बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनीच उल्हासबाबांच्या मुलीला फोन केला आणि ती वडिलांना वास्कोला घेऊन गेली. संगणक शेटनी पुसून मला दिला.

यंदा उल्हासबाब गेले. झोपेतच गेले, मुलीने कळवलं. म्हणूनच हे लिहितेय. ते असते तर लिहिलं नसतं.

त्याच्या आधी मी त्यांना एकदाच भेटले होते, वास्कोला मुलीच्या घरी. फार वाळले होते. गॅलरीतून बंदरातल्या बोटी दिसत होत्या, पण त्यांची खुर्ची भिंतीकडे होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, शेटची चौकशी झाली. मुलगी आत गेल्यावर ते पुढे वाकले.

"बाय, मी औषधां हाडूक गेल्लंय, त्या दिसा शैला तुझ्याकडे काय तरी बोलली. दारातसून बघलंय मी. काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमच्याइतकें कोण पळोवचो ना," मी म्हटलं. "म्हज्यापासत अख्खी दुनिया पळयल्यानी, म्हणाली."

त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "आणि?"

"आणि काय ना," मी म्हटलं. "मागीर तिका न्हीद लागली."