काकांचा डावा पाय

आंधळगावच्या मंडईच्या जत्रेत मी बॅले केला तेव्हा सोळा वर्षांची होते. नागपूरला मावशीकडे राहून शिकले होते. पायाच्या बोटांवर उभं राहून नाचणारी मुलगी आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे दंडारीचा खेळ सोडून लोक स्टेजपुढे गोळा झाले. नाच अर्ध्यावर असताना मंडई समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांनी, गाणं बंद करवलं आणि माइक घेतला.

"पोरीनं अंगाले चिकटलेले कपडे घालून गावाची लाज काढली. तिच्या वतीनं मी माफी मांगतो."

मी एका पायावर तशीच उभी होते. लोक हसले ते आजही कानात आहे.

पुढे मी मुंबईत नाचले, परदेशातही नाचले. टाळ्या पडल्या की काकांचं तोंड डोळ्यांसमोर यायचं आणि बरं वाटायचं. गुडघा गेल्यावर गावी परतले. बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात भिंतीला आडवा बांबू ठोकला आणि वर्ग सुरू केला. चार मुली आल्या; धानाची रोवणी लागताच दोघी गायब.

त्याच वर्षी काकांना लकवा मारला. डावा पाय फरफटू लागला. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम हवा. पाय उचलायला शिकवणारी गावात मी एकटीच, म्हणून काकू त्यांना हाताला धरून घेऊन आली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात.

"काका, मंडईच्या दिवशी आपल्या पायानं स्टेजवर चढा, अन् माइकवर सांगा का चूक तुमची होती. तवरी शिकवीन. पुढं नाही."

काकांनी होकाराची मान हलवली.

मी दयामाया दाखवली नाही. बांबू धरून ते टाच उचलायचे, घामानं बनियन भिजायची. मुलींना मी पाणी प्यायला सोडायचे, त्यांना नाही.

दिवाळीनंतर मंडई भरली. काका एकटे पायऱ्या चढले. माइक धरून म्हणाले, "त्या रोजी पोरीनं काई वाईट केलं नोतं. तिची लाज मीच काढली."

मंडपात टाळ्या पडल्या, काकांसाठी. म्हातारा लकव्यातून उठला याचंच सगळ्यांना कौतुक. समितीनं शालही त्यांनाच पांघरली. मला काका लहान झालेले बघायचे होते. ते मोठे होऊन खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे गोदामाच्या दारात उभे. मी म्हटलं, तुमची शिकवणी संपली.

"पायरी उतरतानी अजून पाय कापते, बाई."

ते मला कालच दिसलं होतं. मी दार लावून घेतलं. मोठ्या मनाची माणसं माफ करतात म्हणे. माझं मन बेताचंच आहे.