मानाचा टॉवेल

साहेब तपासणीला आले की फळ्याशेजारी खुर्ची मांडायची आणि तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकायचा, ही आमच्या शाळेची रीत. काल नव्या गटशिक्षणाधिकारी मॅडम आल्या. वर्ग कसा बघावा, याचं प्रशिक्षण नुकतंच घेऊन आलेल्या. खुर्ची सोडून त्या थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मी शिकवू लागले.

"बाई, इथून फळ्यावर नुसतं ऊन दिसतंय हो!" मॅडम मागून म्हणाल्या.

"रोजच असतं, मॅडम," शेजारच्या रेश्माने त्यांना धीर दिला. "आपण पुढच्याचं बघून लिहायचं."

सगळा वर्ग हसला, मॅडमही हसल्या. इतकी वर्षं साहेब पुढे बसून मुलं बघत होते. मुलांना काय दिसतं, ते कुणी बघितलंच नव्हतं. मीसुद्धा.

आज तो टॉवेल खिडकीला बांधलाय. रेश्माला फळ्यावरची माझी चूकही दिसली.