सह्या आधी, अर्ज मागून

आमच्या गल्लीत आता कुणी खोकत नाही. लोकांना हे सुख वाटतं, मला त्याचा संताप येतो. का येतो ते सांगायचं तर आधी खोकल्याचंच सांगायला हवं.

मी तापीकाठच्या गावातून लग्न होऊन नंदुरबारला आले, ते घर शहराच्या कडेला, शेवटच्या गल्लीत. घरामागे मिरचीची पथारी. मिरची वाळवायच्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. दिवाळी झाली की खेड्यांतून ओली लाल मिरची गाड्या भरभरून यायची आणि होळीपर्यंत ते मैदान लाल असायचं. वारा फिरला की अख्ख्या गल्लीला ठसका. मी आले ती ऐन हंगामात. तीन दिवस नुसती खोकत होते. सासूबाईंना वाटलं, पोरीला दमा आहे आणि माहेरच्यांनी तो लपवला. चौथ्या दिवशी शेजारची भाभी वाटीत गूळ-तूप घेऊन आली. तिचा नवरा गाद्या भरायचा आणि ती पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायची. माझ्याजवळ बसून म्हणाली, "पंधरा दिन खोकशी, मंग सवय व्हई जाई. आठे सगळा असाच रुळनात."

ही गल्लीची रीतच होती. नवं माणूस राहायला आलं की शेजारच्या घराने गूळ-तूप न्यायचं. मग तो भाड्याने आलेला पोलीस असो, बँकेतला बदलीवाला असो की कुणाची नवी सून असो. गूळ खाल्ला, ठसका थांबला, की माणूस गल्लीचं झालं. जात, धर्म, पगार हे सगळं त्यानंतर.

पुढे मी शाळेत मास्तरीण झाले आणि गल्लीची 'बाई' झाले. गल्ली बोलायची अहिराणी, कचेरीला लागायची पुस्तकातली मराठी, आणि या दोघांच्या मधे मी. रेशनकार्ड, नळ, दिव्याचा खांब, तुंबलेली गटार, सगळे अर्ज माझ्या हातचे. पण बायका सकाळी सातला पथारीवर जायच्या, मी शाळेतून यायची संध्याकाळी. तेव्हा आमची एक पद्धत पडली. सकाळी कोरा फुलस्केप कागद घरोघर फिरायचा, सगळे सह्या करायचे, आणि संध्याकाळी मी अर्ज लिहून तो सह्यांचा कागद मागे टाचायची. सह्या आधी, अर्ज मागून. काय लिहिणार, असं कुणी विचारलं नाही. विचारलंच एखाद्या नव्या सुनेने, तर भाभी तिला झापायची, "बाई लिखतस ना? मंग बरोबरच ऱ्हाई."

भाभी आधी अंगठा उठवायची. एका मे महिन्यात मी तिला माझ्या ओट्यावर बसवून सही शिकवली. दिवसभर देठ खुडून तिच्या बोटांची आग व्हायची, म्हणून पेन हातात घेण्याआधी ती बोटांना तीळतेल चोळायची. तिच्या सहीशेजारी कागदावर तेलाचा डाग हमखास. तेवढा कागद पारदर्शक व्हायचा. कचेरीतले लोक नाक मुरडायचे. मला तो डाग आवडायचा.

मग शहर वाढायला लागलं. वाढायला माझी ना नाही. जिल्ह्याचं ठिकाण झालं, दवाखाने आले, मुलांना शिकायला धुळ्याला पाठवायचं थांबलं, हे मी नाकारत नाही. पण वाढ म्हणजे काय, तर शेताचे प्लॉट, प्लॉटचे बंगले, आणि बंगल्यातल्या माणसाला शेजारच्याचं नाव ठाऊक नाही. आमच्या गल्लीतल्या लोकांनी गाड्या घेतल्या आणि गाड्या चढवायला ओटे फोडून तिथे सिमेंटचे उतार केले. आता संध्याकाळी बसायचं कुठे? उतारावर तर बसता येत नाही. सगळे आपापल्या दाराआड टीव्हीसमोर बसतात आणि हल्ली माणुसकी राहिली नाही म्हणून उसासे टाकतात. अरे, तुम्हीच फोडली ना ती पहारीने?

पथारीला लागून चार मजली इमारत उठली. गेट, वॉचमन, कुंड्या, सगळा थाट. पहिली कुटुंबं आली ती हंगामात. खिडक्या बंद असूनही खोकल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी आपली रीतीप्रमाणे गूळ-तूप घेऊन गेले. वॉचमनने गेटवर अडवलं, वही पुढे केली. कुणाकडे? कुणाकडेही. काम काय? म्हटलं, गूळ. त्याने बिचाऱ्याने कामाच्या रकान्यात 'गूळ' असं लिहिलंसुद्धा. वर फोन झाला, खाली निरोप आला की आम्ही बाहेरचं खात नाही. वाटी परत घेऊन आले. भाभीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि तो गूळ तिनेच खाल्ला. मीही हसले. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

दोन वर्षांनी त्या इमारतीचे सेक्रेटरी माझ्या घरी आले. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. "मॅडम, आमच्या आईंना दम लागतो हो. पथारीच्या कडेने हिरवी जाळी लावली, मिरची चाळायची चाळणी पलीकडच्या बाजूला हलवली, तरी खूप होईल. तुम्ही अर्ज लिहिलात आणि तुमच्या गल्लीच्या सह्या असल्या तर वजन पडेल. आम्ही काय, कालचे लोक."

कालचे लोक म्हणाले आणि मी विरघळले. खोटं कशाला बोलू? कुणीतरी शिकलेलं माणूस माझ्या दारी आलं, माझ्या अक्षराचं कौतुक केलं, मला बरं वाटलं. मागणीही वावगी नव्हती. जाळी लागली तर गल्लीचाही ठसका कमी होणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरे कागद फिरले. पहिली सही माझी. दुसरी भाभीची, तिच्या डागासकट. संध्याकाळी मी दोन पानी अर्ज लिहिला. पथारी राहिलीच पाहिजे, तिच्यावर गल्लीतल्या बायकांची चूल पेटते, फक्त जाळीची व्यवस्था व्हावी, असं स्वच्छ लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "द्या मॅडम, मीच नेऊन देतो. तुम्ही कशाला उन्हात हेलपाटा घालता?" मी दिला. टाचणीसुद्धा त्यांनाच मारायला सांगितली.

महिन्याभराने पथारीच्या फाटकावर नोटीस लागली. नागरी वस्तीत मिरची वाळवणं बंद करून जागा मोकळी करावी, 'स्थानिक रहिवाशांच्या तक्रारीवरून'. बायका सकाळी कामावर गेल्या आणि फाटकापाशी उभ्याच राहिल्या. भाभी थेट माझ्याकडे आली. "बाई, आपला अर्ज ते जाळीना व्हता ना?" मी म्हटलं, जाळीचाच होता, थांब, मी बघून येते.

कचेरीत गेले. कारकुनाने फाईल काढली. वर कॉम्प्युटरवर टाइप केलेला एक पानी अर्ज. पथारीमुळे जगणं अशक्य झालं आहे, ती तात्काळ हटवावी. माझ्या दोन पानांचा कुठे पत्ता नाही. मागे आमचे कागद टाचलेले. माझी सही, आणि खाली तो डाग. त्या डागातून खालच्या कागदावरची अक्षरं दिसत होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती काय असते, ते मला त्या टेबलापाशी कळलं. मी सांगू लागले की हा अर्ज आमचा नाही, मी लिहिला तो वेगळा होता. कारकून शांतपणे म्हणाला, "बाई, सही तुमचीच आहे ना?"

हो, माझीच होती. एकतीस वर्षं शाळेत मुलांना सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नये. आणि गल्लीला मी नेमकं उलटं शिकवून ठेवलं होतं.

तिथून सरळ इमारतीत गेले. वॉचमनची वही बाजूला सारली. सेक्रेटरी सोफ्यावर बसा म्हणाले, मी बसले नाही. विचारलं, माझा अर्ज कुठे? म्हणाले, "मॅडम, तुमचा फार लांबलचक होता, मुद्दा येत नव्हता. आम्ही थोडक्यात केला." थोडक्यात! मग हसून म्हणाले, "आणि तुमचंही भलंच आहे यात. तुमच्या घराचे भाव बघा कसे चढतात." ज्यांच्यासाठी जाळी हवी होती त्या आई आतल्या खोलीत मालिका बघत होत्या. त्यांना खोकला नव्हता. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत तंबू ठोकायचा आणि मग घोडे हाकला म्हणायचं, एवढं वाक्य लिहिण्याजोगं होतं.

मी नवा अर्ज लिहिला, फसवणुकीचा. या वेळी सह्या मागायला स्वतः दारोदार गेले. आणि इथे मला माझी गल्ली कळली. ज्या घरी मी बारशाला पाळणा म्हटला होता त्या घरचा माणूस म्हणाला, "जाऊ द्या ना बाई. मोकळं व्हई ऱ्हायनं ते बरंच व्हई ऱ्हायनं." दुसरा म्हणाला, मुलीला बघायला आलेले लोक मिरचीच्या वासाने नाराज झाले होते. तिसऱ्याने दार अर्धंच उघडलं. पथारीवर जाणाऱ्या बायकांनी सह्या केल्या, बाकीच्यांनी उतारावरच्या गाड्या पुसत माना फिरवल्या. सेक्रेटरीला शिव्या देणं सोपं आहे, तो कालचाच माणूस. हे तर सगळे माझ्याइतकेच जुने होते. यांनी सगळ्यांनी गूळ खाल्ला होता.

अर्ज गेला तो गेलाच. पथारी हटली, हायवेला लांब कुठेतरी गेली. मैदानावर चुन्याच्या रेघा पडल्या, झेंडे लागले, 'निसर्गाच्या सान्निध्यात' असा बोर्ड उभा राहिला. त्यावर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र आहे. आमच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं.

भाभी आता साठीच्या पुढे आहे. गाद्या भरणारा नवरा गेला. गुडघे दुखतात, तरी पहाटे उठून मालवाहू टेम्पोत उभी राहून नव्या पथारीवर जाते, कारण दुसरं काही येत नाही आणि घरात बसून खायला कुणी घालत नाही. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. हंगाम संपला की बिनदेठाची मिरची आजही पिशवीभर आणून देते. मी घेते. ती डब्यात भरताना मला स्वतःची इतकी चीड येते की डोळ्यांतलं पाणी मिरचीचं की कशाचं, ते बघायच्या भानगडीत मी पडत नाही.

गेल्या महिन्यात ती संध्याकाळी आली. टेम्पोतून एक बाई पडली होती, हात मोडला होता. हायवेवर पथारीपाशी बस थांबावी असा अर्ज हवा होता. मी सवयीने कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, "भाभी, तू सही करून जा, मी नंतर लिहिते."

तिने बोटांना तेल चोळलं, पेन घेतलं, आणि तसंच हातात धरून बसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आधी लिखी ल्या, बाई. मंग माले वाचीसन दखाडा."

मी लिहिला. वाचून दाखवला. ती म्हणाली, आता अहिराणीत सांगा. तेही सांगितलं. प्रत्येक ओळ ऐकून तिने मान हलवली, दोन ठिकाणी थांबवून पुन्हा विचारलं. मग शेवटच्या ओळीला चिकटून, मधे बोटभरही जागा न सोडता, तिने सही केली. खाली कागद बराच उरला होता. तिने कागदावरून पेन उचललं नाही. सहीखालून थेट कागदाच्या तळापर्यंत एक तिरकी रेघ मारली, म्हणजे त्या जागेत कुणाला काही लिहिता येऊ नये.

सही मी तिला शिकवली होती. रेघ ती कुठे शिकली, ते मी विचारलं नाही.