डाव्या तळहातावर

देवावर रुसायलाही अंगात बळ लागतं. त्या दिवसांत तेवढंही माझ्यात उरलं नव्हतं. मोठी बहीण स्तनाच्या कॅन्सरनं गेली, म्हणून डॉक्टरबाईंच्या आग्रहाखातर मी छातीची तपासणी करून घेतली. गाठ नाही, दुखणं नाही. फिल्मवर मात्र डाव्या बाजूला मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके होते. सुईनं तुकडा काढून तपासल्यावर बाईंनी समजावलं, "हा कॅन्सर दुधाच्या नळीच्या आतच आहे, बाहेर पसरलेला नाही. तेवढा भाग काढला, मग किरणांचे शेक दिले, की बहुतेक बायका बऱ्या होतात. तसाच ठेवला तर पुढं काय करील, सांगता येत नाही." त्यातला कॅन्सर एवढा एकच शब्द घेऊन मी शिवाजी पेठेत घरी आले. हे सारखे म्हणत होते, "अगं, अगदी सुरुवातीचा आहे." मला त्यांचाच राग यायचा.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग जिवंतपणी अंगावेगळं करायचं नाही, हे आईनं आमच्यात लहानपणापासून भिनवलेलं. चांदीच्या डबीतलं ते लिंग सदा छातीवर, आणि रोग निघाला तो नेमका त्याच्याखाली. इतकी वर्षं उराशी धरलं, मग यानं राखलं काय? पूजा चालू होती, पण हात नुसते सवयीनं फिरत होते.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. मी हटून बसले. डॉक्टरबाईंनी तोडगा काढला. डबी यांच्याकडे द्यायची आणि आतलं लिंग माझ्या डाव्या तळहातावर पट्टीनं बांधायचं. सलाईन उजव्या हाताला लागणार होतं, डावा मोकळाच होता. बाई भल्या मनानं बोलत होत्या, पण माझ्या अंगावर काटा आला. आमच्यात माणूस गेलं की समाधीत बसवून त्याच्या डाव्या तळहातावरच लिंग ठेवतात. बहिणीची गार बोटं त्यावर मीच मिटली होती. "मला नाही करायचं काही," म्हणून मी खाटेवरून उतरले आणि बाहेर बाकावर जाऊन रडत बसले.

बाकावर कागलकडची एक म्हातारी होती. तिच्या गळ्यातही लिंगाचा दोरा दिसत होता. "काय झालं गं अक्का?" तिनं मोठ्यानं विचारलं. कोण कुठली ती, पण मी तिला सगळं सांगून टाकलं, बाई काय म्हणाल्या तेसुद्धा.

"रोज पूजेला लिंग कुठल्या हातावर घेतीस?"

"डाव्या."

"मग रोज मरतीस व्हय?"

तिनं पदर सावरला. "तुझं अजून उंबऱ्याच्या आत हाय. माझं गावभर हिंडलंय, हाडात गेलंय. मी लाजून गाठ दाखवली न्हाय. तू जा की आत. त्यो हातावर असंल तर भ्यायचं कुणाला?"

मी उठले. धीर आला म्हणून नव्हे. तिच्यासमोर बसून राहायची लाज वाटली म्हणून. शुद्धीवर आले तेव्हा पट्टीतली मूठ इतकी घट्ट होती की नर्सला एकेक बोट सोडवावं लागलं. नळीबाहेर काहीच नव्हतं, असं पुढं तपासणीत आलं. तरी मन सावरलं नाही. शेक घ्यायला जाताना रोज वाटायचं, पुन्हा निघेल. शेकाच्या टेबलावरही डबी काढावी लागे, लिंग तळहातावर घ्यावं लागे. पडल्या पडल्या मी काही मागत नसे, मागण्यावरचा विश्वासच उडाला होता. मूठ मात्र हळूहळू सैल होत गेली.

त्या बाकावर मी रोज तिला शोधायची. शेवटच्या शेकाच्या दिवशी तिची सून भेटली. त्या सकाळी ती तिच्याशेजारीच बसलेली, आता औषधं परत करायला आलेली. "आत्ती गेल्या," एवढंच ती म्हणाली. मी तिथंच तिचा हात धरून रडले. त्या म्हातारीचं नावही मी विचारलं नव्हतं.

तिला कोणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. आता सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेते तेव्हा हात उघडा ठेवते. आणखी किती दिवस, ते त्याचं तो बघेल. तिच्या हातावर ते कायमचं राहिलं. माझं मात्र पूजा झाली की मी पुन्हा गळ्यात घालते.