ताईच्या रिक्षाचं पॅकिंग

आमच्या घरात मला ‘लिनक्सवाली’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. कॉम्प्युटर चालवायची ही फुकटातली सिस्टीम घ्या म्हणून मी नातेवाइकांचं डोकं किती वर्षं खाल्लं! लग्नात, बारशात, कुठेही. एक माणूस वळला असेल तर शपथ.

आणि भाचीने, म्हणजे वडप्याला दिलेल्या माझ्या ताईच्या मुलीने, हातात धरून खेळायचं नवं गेमिंगचं यंत्र घेतलं. गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी लागली, त्या पगारातली बाईसाहेबांची पहिली खरेदी ही. मी सेटिंग उघडून बघते तर आत लिनक्स! मी किंचाळलेच.

“मावशी, गेम मस्त चालतात म्हणून घेतलंय. तुझ्या लिनक्ससाठी नाही,” ती म्हणाली. मेली! पण मग तिच्या मैत्रिणी मलाच फोन करायला लागल्या, हीच सिस्टीम आमच्या जुन्या लॅपटॉपवर टाकून देशील का म्हणून. माझ्या भाषणांनी झालं नाही ते एका खेळण्याने केलं. मला तर नाचावंसं वाटलं.

पण माझा जीव अडकला होता दुसरीकडेच. कॉलेजात असताना मी आणि ताईने मिळून एक गेम बनवला होता. आमच्या गावातल्या धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा काढायची, माणसं कोंबायची, कापडाचे तागे लादलेले टेम्पो चुकवायचे. प्रोग्राम माझा, चित्रं सगळी ताईची. गाल फुगवून पान चघळणारा ड्रायव्हर, सुताची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली काकू, एकेक झकास! पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर टाकायचा तर आधी हे बसव, मग ते बसव, आणि लिनक्सच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं पॅकेज. कोण करणार एवढी उठाठेव? कोणी तो खेळलाच नाही. “कुणी बघायचंच न्हाय तर काढायची कशाला?” म्हणत ताईने चित्रं सोडली, ती सोडलीच. मला ते फार लागलं होतं.

या नव्या यंत्राचं बरं आहे. ते आपल्या सिस्टीमला कोणाला हात लावू देत नाही. गेमला जे जे लागतं ते सगळं एकाच पॅकेजात बांधून आणायचं, बस्स. तेच पॅकेज बाकीच्या लिनक्सवरही चालतं. मी पदर खोचला, गेम बांधला, माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितला आणि मिरवत वडप्याला गेले.

यंत्र ताईच्या हातात दिलं. तिने बटण दाबलं. हॉर्न वाजला आणि पडदा काळाच. रस्ता नाही, रिक्षा नाही.

“हाय का! माझीच चित्रं तेवढी न्हायत,” ताई म्हणाली आणि भाजी बघायला आत गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ट्यूब पेटली. चित्रांचा फोल्डर मी पॅकेजात घातलाच नव्हता! माझ्या लॅपटॉपवर गेम बिचारा माझ्याच फोल्डरमधून चित्रं उचलत होता, म्हणून मला पत्ता लागला नाही. जगाला ज्ञान पाजळणारी मी, आणि माल बाहेर ठेवून खोकं चिकटवलं. गोडाऊनात असं केलं असतं तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती.

लॅपटॉप बरोबर होताच, तिथेच बसून चित्रांसकट पुन्हा बांधलं. भाची खेळायला लागली आणि खदखदून हसायला लागली. “आई, ही पिशवीवाली तू काढलीस? अगं, ही तर सेम आत्या!” तिने मैत्रिणींना गेम पाठवला. मी ज्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं होतं, त्यांच्याकडेही एका दमात चालला. एकीचा फोन आला, हा ड्रायव्हर कोणी काढलाय, माझे बाबा हसून हसून दमले.

ताई हात पुसत बाहेर आली. भाचीच्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं, आणि मला रडू आवरत नव्हतं. मग ती एकदम माझ्यावरच खेकसली.

“ह्या रिक्षात गोडाऊनला जाणारी एक बाई न्हाय! शिफ्टच्या टायमाला निम्मी रिक्षा त्यांचीच असती आता. सरक तिकडं. आधी मला कागद दे.”