मामांनी धरलेला तिसरा हिस्सा

राहुरी तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस दुसरा नाही. साखर कारखान्यात चौतीस वर्षं वायरमनकी केल्यामुळे छापील आकड्यावर त्यांचा विश्वासच उरलेला नाही. औषधाच्या पट्टीतल्या गोळ्या ते मोजून घेतात. लग्नात पंगतीला बसण्याआधी डोक्यावरच्या पंख्याचा हुक हलवून बघतात. एकदा तो खरंच हातात आला, तेव्हापासून तर त्यांना आवरणं मुश्कील.

माझ्या पशुखाद्याच्या गोदामात वरच्या मजल्यावरून पोती उतरवायची लिफ्ट आहे. भरलेली लिफ्ट खाली येताना मोटरच उलट वीज तयार करते आणि ती उष्णता करून जिरवायला, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला ब्रेकिंग रेझिस्टर लागतो. जुना जळाला. दुकानदाराने रोधाचा आकडा, म्हणजे ओहम, जुळवून दीडशे वॅटचा दिला. मामा घड्याळ घेऊन लिफ्टच्या दाराशी बसले.

"दीड मिन्टाची फेरी, त्यात अर्धं मिनिट उतार. म्हंजी तिसरा हिस्सा. दुकानदारानं धरला दहावा! उतरताना किलोवॅटभर निघतंय, त्याचा तिसरा हिस्सा साडेतीनशे, वर तेवढीच मोकळीक. सहाशेचा आना."

"पण ओहम बरोबर आहेत ना, मामा?"

"चप्पल मापाची हाय, जावईबापू. पन कागदाची हाय."

खाली टेम्पोंची रांग लागली होती, गवळी ओरडत होते. मी त्याच रेझिस्टरवर लिफ्ट चालूच ठेवली. बाराव्या फेरीला रेझिस्टरचा जळका वास सुटला. आमचा हमाल सलीम नेहमीसारखा पोत्यांसोबत आत शिरला, तसे मामा उठले.

"भाईर ये."

"ओ मामा, दोनच फेऱ्या ऱ्हायल्यात. जिन्यानं पाय मोडत्यात."

"भाईर ये म्हनलं ना!"

"जाऊ द्या हो त्याला," असं मीच म्हणालो. ड्राइव्ह बंद पडला की लिफ्टला धरून ठेवणाऱ्या ब्रेकचे पॅड झिजलेत हे मला ठाऊक होतं. हंगाम संपल्यावर बदलू म्हणून थांबलो होतो. मामांनी सलीमचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं आणि नुसती पोती सोडली.

अर्ध्यावर रेझिस्टरची तार तुटली, ड्राइव्ह बंद पडला. ब्रेकने पकड घेतली, आणि सुटली. लिफ्ट जमिनीवर आदळली तेव्हा सरकी पेंड पार भिंतीपर्यंत उडाली. सलीम खाली बसला. मामा त्याच्यासाठी पाणी आणायला गेले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहाशेचा रेझिस्टर बसला, पॅड बदलले, लिफ्टमधून आता माणूस जात नाही. मामा हल्ली नगरला लेकीकडे असतात. दर बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन येतो. लिफ्टचा एकही आकडा विचारत नाहीत.

"सलीम आलाय का कामाला?"

"आलाय, मामा."

मग म्हणतात, "द्या बरं त्याच्याकडं फोन."