निळ्या ड्रमावरचा मासा

आमच्या ह्यांना पावणे गावात धनाजी जगदाळे या नावानं शोधायला गेलात तर दहा दारं फिराल. ‘ड्रमवाले धनाजी’ म्हणा, पहिल्याच दारातलं माणूस बाहेर येऊन घर दाखवील. तसं नाव होतं. होतं म्हणते, कारण आता लोक घर दाखवत नाहीत, तोंड फिरवतात. का ते सांगते. मला मेलीला गोष्ट पोटात ठेवून जेवण जात नाही.

आम्ही साताऱ्याकडची माणसं. इथं आमची जमीन नाही, भाऊबंद नाहीत. गोजराकाकूंच्या चाळीत दोन खोल्या भाड्यानं, आणि सायकलवर दहा मिनिटांवर ह्यांची केमिकलची कंपनी. बावीस वर्षं तिथं. नळाला पाणी सकाळी एक तास, तेही धड नाही, त्यामुळं घरोघरी साठवायला काहीतरी मोठं लागतं. कंपनीत निळे प्लॅस्टिकचे ड्रम रिकामे होऊन पडायचे. हे स्टोअरवाल्याला विचारून एकेक आणायचे, सोड्यानं तीन वेळा धुवायचे, चार दिवस उन्हात पालथे घालायचे आणि ज्याला गरज त्याच्या दारात नेऊन ठेवायचे. एक पैसा घेतला नाही कधी कुणाकडून. नवीन जोडपं राहायला आलं, द्या ड्रम. कुणाकडं लग्न, द्या दोन ड्रम. मी ओरडायची, ‘अहो, घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं!’ तर हसायचे. म्हणायचे, ‘उज्वला, परक्या गावात माणसाला नाव लागतं. मला हेच नाव आहे.’ खरंच, त्या माणसाकडं दुसरं काही नव्हतं. ना दारू, ना पत्ते, ना कुठली कमिटी. फक्त ते नाव.

ड्रमावर कंपनीची चिठ्ठी असायची चिकटवलेली, इंग्रजीतली. ती दिसायला बरी नाही म्हणून हे रॉकेल लावून, माझ्या जुन्या भाजीच्या सुरीनं खरवडून काढायचे. तासतास बसायचे. पार चकाचक. पहिला ड्रम गोजराकाकूंना दिला तेव्हा चिठ्ठी अजून तशीच होती. तिच्यावर लाल चौकटीत एक वाळकं झाड आणि एक उताणा मासा. काकू इथल्याच, खाडीकाठच्या, मासा दिसला की खूश. म्हणाल्या, ‘मासा हाय वरती, म्हंजे पान्याचाच ड्रम हाय ह्यो!’ सगळी चाळ हसली. तेव्हापासून त्याला मासावाला ड्रमच म्हणायचे.

मागच्या वर्षी कंपनीत नवा मॅनेजर आला. त्यानं फर्मान काढलं, ज्याच्याकडं सेफ्टी सुपरवायझरचं सर्टिफिकेट नाही त्याला लाईन सांभाळायला मिळणार नाही. परीक्षा लेखी. त्यात तीस मार्कांचं इंग्रजी, वीस शब्दार्थांचे आणि दहा उतारा वाचून उत्तरं लिहायचे. पन्नाशीचा माणूस, दहावीनंतर वही हातात धरली नव्हती. पहिल्या खेपेला इंग्रजीत सात मार्क पडले. पेपरची घडी घालून गादीखाली सारला.

मग आमची मंजुषा कंबर कसून उभी राहिली. कॉलेजात शिकते, बापाचा सगळा हट्ट तिच्यात उतरलाय. तिनं बापाचा पेपर बघितला आणि म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही न येणारा शब्द सरळ गाळता. असं नाही चालत. आधी खालचे प्रश्न वाचायचे, मग उतारा, आणि एकही शब्द सोडायचा नाही. सोडलेल्या शब्दातच उत्तर असतं.’

झालं! घराचा वर्ग झाला. टूथपेस्टचा खोका, बिस्किटाचा पुडा, गॅसच्या नळीवरची अक्षरं, जे सापडेल ते मोठ्यानं वाचायचं आणि मंजूनं प्रश्न विचारायचे. वेळ संध्याकाळी सातची, माझी भाकरीची. आंघोळीला गेले तरी शाम्पूची पुडी वाचत बसायचे, बाहेर आम्ही खोळंबलेलो. एकदा जेवताना मला म्हणतात, ‘उज्वला, तू रिलक्टंट आहेस. म्हणजे नाखूश.’ मी म्हटलं, ‘मी काय असेन ते असेन, आमटी निवतेय.’ मी वैतागायची, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. रोज दहा शब्द पाठ. चाळीतल्या बायका चिडवायच्या, ‘वहिनी, आता साहेबीणबाई होणार तुम्ही!’

तो रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील, मी मेथी निवडत होते. ह्यांनी मोरीतला आमचा स्वतःचा ड्रम धुवायला म्हणून बाहेर ओढला. तो ड्रम मागच्या मे महिन्यात पाण्याची बोंब झाली तेव्हा घाईत आणलेला. धुतला होता, पण चिठ्ठी काढायची राहिली होती, आणि ती बाजू भिंतीकडं म्हणून कुणाच्या नजरेला पडली नव्हती. ह्यांना ती दिसली आणि केवढा आनंद! ‘मंजे, ये लवकर! नवा उतारा सापडला!’ पाट घेऊन ड्रमासमोर मांडी घालून बसले.

बोट ठेवून वाचायला लागले. ‘डू नॉट रीयूज. नॉट म्हणजे नको. रीयूज काय गं?’

मंजू आतून म्हणाली, ‘परत वापरणं.’

‘एम्प्टी म्हणजे रिकामा. कंटेनर आपला हा ड्रम. म्हणजे रिकामा ड्रम परत वापरू...’

तिथंच थांबले. मला वाटलं, शब्द अडला. वर बघितलं तर माणसाचा चेहरा चुन्यासारखा. पुढचं ओठातल्या ओठात वाचलं, बोट सरकत होतं, एकेका शब्दावर थांबत होतं. मंजू बाहेर आली. तिला म्हणाले, ‘मी अर्थ सांगतो, तू तपास. रिकामा ड्रम परत वापरू नये. धुतल्यावरही आत अंश राहतो. अन्नाला आणि पिण्याच्या पाण्याला वापरू नये. भोक पाडून नष्ट करावा. चुकलं ना माझं? मंजे, चुकलं म्हण.’

मंजूनं वाकून वाचलं. परत वाचलं. म्हणाली, ‘बरोबर आहे, पप्पा. सगळं बरोबर आहे.’

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आख्खा उतारा बरोबर आला होता.

‘आणि ही शेवटची ओळ?’ त्यांनी विचारलं. मंजूनं चिठ्ठीवर हात ठेवला. ‘सांग की गं!’

तिनं माझ्याकडं बघत सांगितलं. पोटातल्या बाळाला अपाय होण्याचा संशय आहे, असं लिहिलं होतं.

मेथीची जुडी माझ्या हातातून पडली. मला एकदम भाविका दिसली. गोजराकाकूंची सून, रूपेशची बायको. लग्नाला चार वर्षं झाल्यावर आता कुठं दिवस राहिलेले, चौथा महिना. गोड बातमी कळल्याबरोबर ह्यांनी तिच्या स्वयंपाकघरात नवा ड्रम नेऊन ठेवला होता, पोटुशी बाईनं हंडे उचलू नयेत म्हणून. मायेनं ठेवला होता हो!

मग माझा तोल गेला. ‘बावीस वर्षं!’ मी ओरडले. ‘बावीस वर्षं त्या कंपनीत राबताय आणि ड्रमात काय असतं ते ठाऊक नाही?’

‘वास गेला की माल गेला, असं सगळेच म्हणायचे,’ ते म्हणाले. ‘मी कधी...’ आणि स्वतःच्या हातांकडं बघायला लागले. ‘उज्वला, ही चिठ्ठी प्रत्येक ड्रमावर होती. प्रत्येक. हीच, ह्याच मेलेल्या माशाची. मी खरवडली.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर माणसानं कळसा स्वतःच्या हातानं खरवडून काढला होता, माझ्याच सुरीनं. मला मंजूचं लहानपण आठवलं. सहा वर्षांची असताना तिच्या पाठीवर पुरळ यायचं, दोन वर्षं गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या. मी उकळून दिलं. असल्याच ड्रमातलं. त्यामुळं झालं की कशामुळं, आता देवसुद्धा सांगणार नाही. पण त्या रविवारपासून गॅसवर पातेलं ठेवताना माझा हात थांबतो.

मी म्हटलं, ‘गुपचूप नवे ड्रम आणून बदलून देऊ. म्हणावं, जुने झाले.’ हो, मीच म्हटलं. ह्यांचं नाव मला वाचवायचं होतं. माणसानं बावीस वर्षांत एवढंच कमावलेलं.

ह्यांनी ऐकलं नाही. मंजूच्या शब्दांच्या वहीत मागच्या पानावर कुणाकुणाला ड्रम दिले ती नावं लिहिली. बत्तीस घरं, शिवाय करंजाड्याला माझा भाऊ. छिन्नी आणि हातोडा घेतला. आधी आमच्या ड्रमाची चिठ्ठी अलगद सोडवून खिशात ठेवली, मग ड्रमाला तळाशी भोक पाडलं. मग निघाले. मी मागोमाग. एकट्याला कसं सोडणार?

प्रत्येक दारात तेच. चिठ्ठी काढायची, इंग्रजीतून वाचायची, मराठीतून सांगायची, माफी मागायची, भोक पाडायचं. कुणी म्हणालं, ‘दहा वर्षं पितोय, काय झालं? राहू दे.’ कुणी अंगावर धावून आलं. सिताराम भाजीवाले, ह्यांचे जीव की प्राण, ते म्हणाले, ‘फुकटचं दिलंस, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.’ ह्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं शिव्यांनी लागलं नाही.

गोजराकाकूंचं दार शेवटी ठेवलं होतं. पण बातमी आमच्या आधी पोचली होती. काकू ओट्यावर बसलेल्या, शेजारी बाहेर ओढलेला ड्रम, भाविका दारात, एक हात पोटावर. हे खाली मान घालून वाचायला लागले. शेवटची ओळसुद्धा वाचली.

काकूंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, ‘हे सगल्या ड्रमांवर लिवलेलं होतं?’

‘होतं, काकू.’

‘माज्या सुनंच्या ड्रमावर?’

‘होतं.’

‘मंग कुठं गेलं?’

‘मी खरवडलं,’ हे म्हणाले.

भाविका भिंतीला धरून खाली बसली. रूपेश आतून धावत आला, ह्यांच्या गळपट्टीला हात घातला आणि म्हणाला, ‘खोली बघा दुसरी.’ छिन्नी काकूंनीच ह्यांच्या हातातून घेतली आणि ड्रमाला भोक स्वतः पाडलं. ओट्यावरून पाणी आमच्या पायांवर आलं.

त्यानंतर दुसरी खोली काही मिळेना, आणि चाळ आमच्याशी बोलायची बंद झाली. कंपनीत ह्यांनी मॅनेजरला सांगून रिकामे ड्रम तिथंच फोडायला लावले, तर तिथलेही चिडले, फुकटचा ड्रम गेला म्हणून. परीक्षेला गेले, पण हौस उरली नव्हती. आणि दैव बघा, पास झाले. इंग्रजीत तीसपैकी चोवीस! मंजूनं पेढे आणले. आम्ही तिघं तो पुडा मध्ये ठेवून बसलो. कुठल्या तोंडानं वाटायचे आणि कुणाला?

तेवढ्यात दारात गोजराकाकू. पाच आठवड्यांनी त्यांचा पाय आमच्या उंबऱ्याला लागला. हातात मोठं पाकीट. ह्यांच्यासमोर धरलं. ‘भाविकाचा फोटो काढलाय पोटाचा. रिपोट हाय. वाच.’

मी म्हटलं, ‘काकू, रूपेशभाऊंनी वाचला असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल.’

‘सांगलंय. पन मना याच्या तोंडून आयकायचंय. यानी वाचायचा.’

हे जमिनीवर बसले. कागद मांडीवर घेतला, बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. मोठाले शब्द, आमच्या वहीत कधी आले नव्हते असे. तरी एक गाळला नाही. अडला की मंजूकडं बघायचे, ती हळूच सांगायची. डोकं, पाठीचा कणा, हृदय, हात, पाय. प्रत्येकापुढं नॉर्मल, नॉर्मल. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मी देवाला हात जोडले.

शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

‘काय हाय?’ काकूंनी डोळे उघडले.

मी मागून ह्यांच्या पाठीला चिमटा काढला. म्हणा ना, सगळं चांगलं आहे! एवढंच म्हणा, त्या बाईच्या जिवाला थंडावा द्या, आपल्याही द्या. एवढ्यानं काय बिघडणार होतं?

‘नो ऑब्व्हियस ॲनॉमली सीन ॲट प्रेझेंट,’ त्यांनी वाचलं. ‘उघड दिसण्यासारखा दोष नाही, काकू. पण पुढं दोन शब्द आहेत. ॲट प्रेझेंट. म्हणजे आज तरी. आज तरी काही दिसत नाही, असं लिहिलंय.’

काकूंनी वाकून कागद उचलला, घडी घालून पाकिटात ठेवला. मंजूनं पेढ्याचा पुडा पुढं केला, त्यांनी बघितला पण हात लावला नाही.

‘तवा बी असाच वाचला असतास तं, धनाजी,’ असं म्हणाल्या आणि गेल्या.

हे तसेच खाली बसून राहिले, बोट रिकाम्या मांडीवर, कागद होता तिथं. भाविकाला आता सातवा लागलाय.